लोकरीचा चेंडू : नवशिक्यासाठी घन आकारांचे विणकाम



चैत्र-वैशाखाच्या उकाड्यात लोकरीवर बोलावयास उभे राहणे हे थोडे धारिष्ट्याचेच काम आहे, याची मला कल्पना आहे. तरीही आपण इतक्या मोठ्या संख्येने आलात, त्याअर्थी आपणांस एक तर विणकामाची आवड असली पाहिजे, नाही तर या विषयावर तासभर बोलण्यासारखे आहे तरी काय, याचे कुतूहल असले पाहिजे. दोन्ही प्रकारच्या श्रोत्यांचे मी स्वागत करते. आणि खरे सांगावयाचे तर दुसऱ्या प्रकारच्या श्रोत्यांसाठीच आजचे व्याख्यान अधिक आहे.

विषय असा की, ज्याने सुई नुकतीच हातात धरली आहे अशा नवशिक्याने घन आकार कसे विणावेत. घन म्हणजे ज्याला लांबी-रुंदीबरोबर उंचीही आहे तो आकार : ठोकळा, नळी, द्रोण, चेंडू. यावर कोणी म्हणेल, "बाई, नवशिक्याने आधी मफलर विणावा. चेंडू वगैरे पुढच्या इयत्तेच्या गोष्टी झाल्या." नेमकी हीच समजूत मला आज थोडी हलवून पाहावयाची आहे.

आपल्याकडे विणकाम शिकविण्याची रीत ठरून गेलेली आहे. मुलीच्या हाती दोन सुया आणि लोकरीचा गुंडा द्यावयाचा, चाळीस टाके घालून द्यावयाचे आणि "आता वीण" म्हणून सांगावयाचे. पहिले चार दिवस उत्साहाचे जातात. पुढे तीच ओळ, त्याच सुया, तेच चाळीस टाके. मफलर वीतभर होतो, हातभर होतो, आणि मग सुयांसकट पिशवीत जाऊन पडतो. असा अर्धा मफलर ज्या घरात नाही, असे घर शोधूनच काढावे लागेल.

कंटाळा हे त्याचे एक कारण झाले. परंतु माझी खरी तक्रार निराळी आहे. मफलर विणून टाका येतो, पण विणकाम म्हणजे काय ते कळत नाही. हातमागावर कापड तयार होते ते सपाट असते. त्याला माणसाच्या अंगाचा आकार द्यावयाचा म्हणजे शिंपीदादांना कात्री घ्यावी लागते, तुकडे कापावे लागतात, ते जोडावे लागतात. विणकाम करणाऱ्या बाईला कात्री लागत नाही. तिच्या हाताखाली कापड आणि आकार ही दोन्ही एकाच वेळी जन्माला येतात. हा विणकामाचा खरा पराक्रम आहे, आणि मफलरमध्ये त्याचा यत्किंचितही उपयोग होत नाही. पोहणे शिकविताना मुलाला महिनाभर पायऱ्यांवरच बसवून ठेवावे, तसा हा प्रकार होय.

तेव्हा प्रथम टाका म्हणजे काय ते पाहू. टाका म्हणजे एका फासातून ओढून घेतलेला दुसरा फास. खालच्या ओळीतील प्रत्येक टाक्याच्या खांद्यावर वरच्या ओळीतील एक टाका उभा असतो. सामान्यतः एकावर एक. जोवर एकावर एक आहेत, तोवर पट्टी सरळ जाते. पण एकाच टाक्यातून दोन टाके काढले तर कापड तेथे रुंद होते, आणि दोन टाके एकत्र घेऊन त्यांचा एकच टाका विणला तर ते तेथे अरुंद होते. वाढविणे आणि घटविणे, एवढ्या दोनच क्रिया आहेत. जगातील झाडून साऱ्या टोप्या, मोजे, हातमोजे आणि कुंच्या या दोन क्रियांतून, आणि पुढे मी सांगणार आहे त्या अपुऱ्या ओळींतून निर्माण झालेल्या आहेत.

परंतु गंमत अशी की, नवशिक्याला आरंभी याही क्रियांची गरज नाही. ज्याला फक्त सुलट टाका येतो, तोही घन आकार करू शकतो. कसे ते पाहू.

साहित्य अगदी साधे घ्यावे. ८ किंवा ९ नंबरच्या सुया, मध्यम जाडीची फिक्या रंगाची लोकर आणि एक जाड नेढ्याची सुई. दुकानात सुया मागताना एवढे ध्यानात ठेवा की, आपल्याकडच्या जुन्या मापात नंबर जसा मोठा तशी सुई बारीक. गडद लोकरीत चूक दिसत नाही, आणि नवशिक्याला तर ती दिसलीच पाहिजे. सर्व ओळी सुलट विणावयाच्या. तसे केले की कापडावर आडव्या उंच रेघा उठतात. दोन ओळी विणल्या की अशी एक रेघ तयार होते. तिला आपण वळी म्हणू. या विणीचा एक मोठा गुण आहे. एका टाक्याची रुंदी आणि एका वळीची उंची ही जवळजवळ सारखी असते. म्हणजे बारा टाके घालून बारा वळ्या विणल्या, की हातात बारा बाय बाराचा चौरस येतो. फूटपट्टीची गरज नाही. शाळेतील आलेखाच्या कागदावर जशी घरे असतात, तशी ही लोकरीची घरे समजा.

आता पहिला आकार, ठोकळा. बारा टाके घाला आणि अठ्ठेचाळीस वळ्यांची पट्टी विणा. हे एकाखाली एक असे चार चौरस झाले. टाके बंद करा. मग दुसऱ्या चौरसाच्या एका कडेवरून, प्रत्येक वळीच्या टोकातून एक याप्रमाणे, बारा टाके उचला आणि बारा वळ्या विणून बंद करा. दुसऱ्या कडेवर तसेच करा. आता समोर एक क्रूसासारखी आकृती दिसेल. शाळेत पुठ्ठ्याचा घन करताना गुरुजींनी फळ्यावर काढून दाखविलेली आकृती ती हीच. घनाला बारा कडा असतात. त्यांतील पाच आपल्या विणण्यातच जोडल्या गेल्या, उरलेल्या सात शिवून टाकावयाच्या. शेवटची कड शिवण्यापूर्वी आत कापूस किंवा जुन्या सुती कापडाच्या चिंध्या भरा. तान्ह्या मुलाला खेळावयास ठोकळा तयार झाला. तो डोक्यावर पडला तरी लागत नाही, आणि तोंडात घातला तर धुता येतो.

दुसरा प्रयोग याहूनही सोपा आणि अधिक चमत्कारिक आहे. चाळीस टाके घालून सतरा वळ्यांचा आयत विणा. त्याच्या आखूड बाजू एकमेकींना जोडल्या की नळी होते. नळीचे खालचे तोंड चपटे करून शिवून टाका. आता वरचे तोंडही चपटे करा, पण खालच्या शिवणीच्या दिशेने नव्हे, तर तिच्याशी काटकोनात. आत कापूस भरून शिवा. हातात काय येते? शिंगाड्यासारखा टोकदार आकार. त्याला चार बाजू आहेत आणि चारही समभुज त्रिकोण आहेत. भूमितीत याला चतुष्फलक म्हणतात. एकही टाका न वाढविता, न घटविता, चौकोनी तुकड्यातून चार त्रिकोण निघाले! सतराच वळ्या का, असे कोणी विचारील. त्रिकोणाची बाजू वीस घरांची असेल तर त्याची उंची सतरा घरांहून किंचित अधिक भरते, म्हणून. ज्यांनी मॅट्रिकला पायथागोरसचा सिद्धान्त घोकून पुढे कधी त्याचे तोंड पाहिले नाही, त्यांनी हा हिशेब घरी अवश्य करून पाहावा.

तिसरा प्रयोग. तोच चाळीस टाक्यांचा आयत, पण या वेळी वीस वळ्यांचा. कडा जोडून नळी करा. एका तोंडाच्या सर्व टाक्यांतून दोरा ओवा आणि बटव्याची नाडी आवळावी तसा आवळून गाठ मारा. कापूस भरा आणि दुसरे तोंडही तसेच आवळा. झाला चेंडू. चेंडूच्या पोटावरचा घेर आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर यांचे प्रमाण दोनास एक असते. म्हणून चाळीस आणि वीस. पाच सेंटिमीटरमध्ये सुमारे दहा टाके बसत असतील, तर हा चेंडू टेनिसच्या चेंडूहून थोडा लहान होईल. दोन-तीन संध्याकाळी पुरे. आणि विणणाऱ्याचे वय आठ असो की अडुसष्ट, पूर्ण झालेली वस्तू हातात आली की दुसरी करावीशी वाटतेच. नवशिक्याला टिकवून धरणारी गोष्ट हीच होय.

पण हा चेंडू नीट न्याहाळा. पोटावर तो गुळगुळीत आहे, दोन्ही टोकांना मात्र चुण्यांची गर्दी झाली आहे. याचे कारण उघड आहे. टोकाजवळ घेर लहान, पण टाके मात्र तेथेही चाळीसच. जागा कमी आणि माणसे तेवढीच, म्हणजे चेंगराचेंगरी व्हावयाचीच. येथे वाढविण्या-घटविण्याची गरज प्रथमच भासते. नियम आधी सांगून मग उदाहरण देण्यापेक्षा, गरज आधी निर्माण व्हावी आणि नियम मागाहून यावा, हे शिक्षण मला अधिक पटते.

या गरजेचे शास्त्र आपल्या माउलींना स्वयंपाकघरात केव्हाच ठाऊक आहे. मोदकाची पारी पाहा. आरंभी ती सपाट चकती असते. कडेला मुखऱ्या पाडल्या की कडेचा घेर कमी होतो, मधला भाग मात्र तेवढाच राहतो. मग त्या पारीला सपाट राहताच येत नाही, ती वाटीसारखी खोल होते. मुखऱ्या एकत्र आणल्या की कळस होतो. विणकामात टाके घटविणे म्हणजे मुखऱ्या पाडणेच होय. फरक एवढाच की, पिठाची चुणी दिसते आणि टाक्याची चुणी जिरून जाते.

याचाच नियम आता मापात सांगते. मध्यापासून बाहेर अशी गोल चकती विणावयाची असेल, तर प्रत्येक वळीमागे त्रिज्या एका घराने वाढते. मग परीघ किती वाढला पाहिजे? शाळेतील सूत्राप्रमाणे सहा घरांहून थोडा अधिक. म्हणून प्रत्येक वळीमागे सहा टाके वाढविले तर चकती पत्रावळीसारखी सपाट राहते. सहापेक्षा कमी वाढविले तर कडेला कापड अपुरे पडते, आणि पत्रावळीचा द्रोण होतो. सहापेक्षा पुष्कळ अधिक वाढविले तर कापड कडेला मावेनासे होते आणि झालर उठते, कोंबड्याच्या तुऱ्यासारखी. पत्रावळ, द्रोण आणि तुरा. सृष्टीतील कोणताही पृष्ठभाग घ्या, तो ठिकठिकाणी या तिहींपैकी कोणता तरी एक असतो.

तुऱ्याचे नाव निघाले म्हणून सांगते. ज्या पृष्ठभागावर सर्वत्र अशी झालरच असते, त्याची भूमिती गणितज्ञांनी एकोणिसाव्या शतकात मांडली. पण विद्यार्थ्यांच्या हाती देता येईल असा त्याचा टिकाऊ नमुना नव्हता. कागदाचे नमुने फाटून जात. दाइना ताइमिन्या या लॅटव्हियात जन्मलेल्या विदुषीने अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात १९९७ साली तो क्रोशाच्या सुईने विणून दाखविला. दर इतक्या टाक्यांमागे एक टाका वाढवावयाचा, हा एकच नियम तिने शेवटपर्यंत पाळला. जे पुस्तकातील आकृतीवरून कळत नव्हते, ते हातात घेऊन दुमडून पाहता येऊ लागले.

आता आपल्या चेंडूकडे वळू. तो सफाईदार कसा करावा? येथे पुष्कळांची एक चूक होते. टोकापासून आरंभ करून दर वळीला सारखेच टाके वाढवीत पोटापर्यंत जावयाचे आणि मग सारखेच घटवीत उतरावयाचे, अशी त्यांची कल्पना असते. तसे केले तर चेंडू न होता भोवरा होतो, दोन शंकू एकमेकांना चिकटविल्यासारखा. चेंडूचा घेर टोकाजवळ झपाट्याने वाढतो, पोटाकडे येताना वाढ मंदावते आणि पोटावर तर थांबतेच. ही मंदावणारी वाढ नवशिक्याने कशी साधावी?

त्याला एक सुंदर युक्ती आहे. चेंडू खालून वर विणावयाचाच नाही. तो आवळ्याच्या फोडींसारखा, एकेक फोड करून, आडवा विणावयाचा. फोड मध्ये रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळती असते. ती विणावयाची म्हणजे मधल्या टाक्यांवर अधिक ओळी, टोकांच्या टाक्यांवर कमी. ओळ पूर्ण न विणता मध्येच काम वळवून परत यावयाचे. या अपुऱ्या ओळी होत. ज्यांच्याजवळ कागद-पेन्सिल असेल त्यांनी आकडे लिहून घ्यावेत.

वीस टाके घाला. १८ टाके विणा आणि काम वळवा. १६ विणा, वळवा. १५ विणा, वळवा. मग याच रीतीने १४, १२, १०, ८ आणि ६. दर वेळी दोन्ही टोकांना अधिकाधिक टाके मागे राहत जातात. सहा टाके विणून वळल्यावर १३ विणा, म्हणजे तुम्ही सुईच्या शेवटास पोचता. वळून पूर्ण २० विणा. ही एक फोड झाली. पुन्हा १८ पासून आरंभ. अशा आठ फोडी विणून टाके बंद करा, पहिली कड शेवटच्या कडेस जोडा, एक टोक दोऱ्याने आवळा, कापूस भरा, दुसरे टोक आवळा. सर्व टाके सुलट. वाढविणे नाही, घटविणे नाही. वळताना दोरा थोडा घट्ट ओढावा, म्हणजे तेथे भोक दिसत नाही. आणि आकड्यांची शंका आली तर शेवटचे दोन आकडे ध्यानात ठेवा. तेराव्या टाक्याशी सुई रिकामी झाली नाही, तर कोठे तरी मोजणी चुकली आहे. या कामात पडताळा असा पदोपदी मिळतो. मफलरमध्ये तीस टाक्यांचे एकतीस झालेले वीतभर विणल्यावर कळते.

आता दोन्ही चेंडूंचा हिशेब मांडू. चुण्यांच्या चेंडूला चाळीस गुणिले वीस, म्हणजे ८०० घरे कापड लागले. फोडींच्या चेंडूची एक फोड ६६ घरांची, आठ फोडींची ५२८ घरे. दोन्ही चेंडूंचा पोटावरचा घेर चाळीस घरांचाच. मग पावणेतीनशे घरे कोठे गेली? ती चुण्यांत दडली होती. अगदी बिनचूक गोलाला खरोखर किती कापड लागावे? याचे उत्तर सुमारे पावणेनऊशे वर्षांपूर्वी या आपल्या सह्याद्रीच्या मुलखातील एका माणसाने देऊन ठेवलेले आहे.

भास्कराचार्यांचे नाव आपणां सर्वांना ठाऊक आहे. त्यांचा जन्म १११४ सालचा. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापिल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. 'लीलावती'मध्ये त्यांनी गोलाच्या पृष्ठफळाची रीत दिली आहे. परीघ आणि व्यास यांच्या गुणाकाराचा चौथा हिस्सा हे वर्तुळाचे क्षेत्रफळ, आणि त्याची चौपट हे गोलाचे पृष्ठफळ. हे सांगताना त्यांना उपमा कोणती सुचली? चेंडूवर सभोवार बसविलेल्या जाळीची! आपल्या चेंडूचा परीघ ४० घरे, व्यास पावणेतेरा घरांच्या आसपास. गुणाकार होतो सुमारे ५०९. आपली ५२८ घरे त्याच्या किती जवळ आली पाहा. अपूर्णांकातील टाका विणता येत नाही, म्हणून एवढा फरक राहिला.

इतकेच नव्हे, तर 'सिद्धान्तशिरोमणी'च्या गोलाध्यायात ही रीत समजावून देताना ते आवळ्याचीच उपमा घेतात. आवळ्याच्या अंगावर जशा वरून खाली रेषा दिसतात, तशा रेषांनी गोलाचे पृष्ठ फोडींत वाटून घ्यावयाचे आणि एका फोडीचे क्षेत्रफळ काढून त्यावरून सबंध गोलाचे काढावयाचे. आपण १८, १६, १५, १४ असे जे आकडे विणले, ते त्या फोडीचेच गणित होय. विणणाऱ्या बाईने भास्कराचार्य वाचले नव्हते, आणि भास्कराचार्यांनी सुया हातात धरल्याचे काही कोणी सांगत नाही. पण गोलाला दोघांनीही एकाच बाजूने हात घातला. हाताची विद्या आणि ग्रंथाची विद्या यांच्यामध्ये आपण जी भिंत घालून ठेवली आहे, ती किती कच्ची आहे हे यावरून दिसेल.

इतिहासही माझ्याच बाजूने साक्ष देतो. विणकामाचे जे जुने अवशेष टिकले आहेत, त्यांत मफलर नाहीत, मोजे आहेत. इजिप्तमध्ये निळ्या-पांढऱ्या नक्षीचे सुती मोजे सापडले आहेत, ते सुमारे अकराव्या ते चौदाव्या शतकांतील समजले जातात. त्याच्याही मागचे, तिसऱ्या ते पाचव्या शतकांतील, अंगठा निराळा असलेले मोजे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. ते दोन सुयांनी विणलेले नसून एकाच सुईने गुंफलेले आहेत. हेतू मात्र तोच, पायाच्या घन आकाराला घट्ट बसेल असे काही हाताने घडवावयाचे. इ. स. १४००च्या सुमारास जर्मनीत रंगविलेल्या एका वेदीचित्रात माता मेरी बाळ येशूसाठी बिनशिवणीचा अंगरखा चार सुयांवर विणीत बसली आहे. गळ्याभोवतीचे टाके ती विणते आहे, आणि तिच्या हातात सपाट तुकडा नाही, सबंध कपडा आहे.

यंत्राला मात्र ही विद्या सहजासहजी साधली नाही. विल्यम ली या इंग्रज गृहस्थाने १५८९ साली मोजे विणण्याचे यंत्र केले. ते फार हुशारीचे यंत्र होते. परंतु ते सपाट तुकडा विणीत असे, आणि मोज्याला मागून शिवण घालावी लागे. जपानमधील मासाहिरो शिमा यांनी हातमोजे विणणारी यंत्रे केली. पुढे हातमोज्याकडे पाहताना त्यांच्या ध्यानात आले की, मधले बोट म्हणजे अंग आणि दोन बाजूंची बोटे म्हणजे बाह्या असे मानले, तर हातमोजा हा छोटा सदराच आहे. सबंध कपडा शिवणीविना एकसंध विणणारे यंत्र त्यांच्या कंपनीने १९९५ साली जगापुढे मांडले. आपल्या आज्या बाळंतविड्याचे टोपडे आणि मोजे विणीत असत, ते शंभर वर्षे मागे जाऊन पाहिले तरी याच जातीचे काम होते. टोपडे म्हणजे अर्धा गोल, मोजा म्हणजे मध्ये वळण घेतलेली नळी. त्याला कोणी भूमिती म्हटले नाही, 'फावल्या वेळचे काम' म्हटले.

आणि ते बायकांचेच काम होय, ही समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. दक्षिण अमेरिकेत पेरू देशातील टिटिकाका सरोवरात ताकीले नावाचे बेट आहे. तेथे विणकाम पुरुष करतात. मुलगे लहानपणीच सुया धरतात आणि लांब शेंड्याची टोपी विणावयास शिकतात. २००५ साली युनेस्कोने या बेटावरील वस्त्रकलेचा गौरव केला. तेव्हा या सभेतील बंधूंनी, हा विषय आपला नव्हे असे मनात आणून घड्याळाकडे पाहू नये!

येथवर मी खेळण्यांविषयी बोलले. आता जे सांगावयाचे आहे ते अधिक गंभीर आहे, आणि ते मी मुद्दाम या जाहीर व्यासपीठावरून सांगते आहे.

आपल्या देशात स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वांत अधिक आहे. पुष्कळजणींचा जीव शस्त्रक्रियेने वाचतो, पण स्तन काढून टाकावा लागतो. जीव वाचला यात सारे आले, असे आपण म्हणतो. त्या बाईला मात्र उद्या पुन्हा साडी नेसून, ब्लाउज घालून, चार माणसांत वावरावयाचे असते. ब्लाउजची एक बाजू रिकामी राहते. तिने पदर ओढून घ्यावयाचा, लग्नकार्यात कोपऱ्यात बसावयाचे, आणि याविषयी घरातही कोणाजवळ अवाक्षर काढावयाचे नाही, अशी आपली रीत. सिलिकोनचे कृत्रिम अवयव मिळतात. ते चांगले असतात, परंतु वजनाला जड पडतात, उन्हाळ्यात घामाने त्रास होतो, आणि त्यांची किंमत प्रत्येकीला झेपतेच असे नाही.

या अडचणीवर विणणाऱ्या हातांनी एक साधा उपाय काढला आहे. मऊ सुती धाग्याने विणलेला, आत हलका कृत्रिम कापूस भरलेला घुमट. तो ब्लाउजच्या आतील वस्त्रात घालून ठेवावयाचा. तो वजनाला हलका असतो, धुता येतो, टोचत नाही. अमेरिकेत आणि इतर देशांत स्त्रियांचे गट असे घुमट विणून ते विनामूल्य देतात. आपल्याकडे मुंबईतही हे काम चालते. काही गट सुयांनी विणतात, काही क्रोशाने. जखम पूर्ण भरून आल्यावर आणि डॉक्टरांना विचारूनच तो वापरावयाचा असतो, हे सांगावयास नकोच.

आता त्याच्या आकाराकडे पाहा. तो घुमट म्हणजे काय? आपण आठ फोडींचा चेंडू विणला. चारच फोडी विणून थांबलो, तर हातात अर्धा गोल येतो. त्याच्या तळाला बसविण्यासाठी एक सपाट चकती हवी. पत्रावळीचा नियम आपण पाहिलाच आहे. आणि भास्कराचार्यांच्या रीतीप्रमाणे गोलाचे पृष्ठफळ वर्तुळाच्या चौपट, म्हणजे अर्ध्या गोलाचे दुप्पट. चकतीला जेवढे कापड लागेल त्याच्या बरोबर दुप्पट घुमटाला लागले पाहिजे. त्याहून पुष्कळ कमी पडले तर घुमट बशीसारखा चपटा होईल, पुष्कळ अधिक झाले तर टोकदार होईल. प्रत्यक्षात माप ज्या बाईचे तिच्याप्रमाणे घ्यावे लागते. टाके अधिक लागतात, चार-दोन नमुने उसवावे लागतात, काहीजणींसाठी घुमट मुद्दाम थोडा चपटाही करावा लागतो. परंतु रीत हीच. जे आपण खेळण्यातील चेंडूवर शिकलो, त्याहून निराळे शास्त्र येथे नाही.

म्हणूनच मी आरंभी म्हटले की, नवशिक्याला मफलरपाशी अडवून ठेवू नका. चेंडू विणणाऱ्या नवशिक्यापासून त्या घुमटापर्यंतचे अंतर फार थोडे आहे. मफलर विणणाऱ्याला ते कधी दिसतच नाही. आणि टाके मोजताना चूक झाली तर चेंडू थोडा वाकडा होईल, एवढेच. येथे मात्र त्या वाकडेपणाचा भार दुसरी बाई दिवसभर अंगावर वागविणार असते. मोजून विणण्याला जी किंमत आहे, ती येथे येते.

माझी सूचना अगदी व्यवहारी आहे. शाळांच्या हस्तव्यवसायाच्या तासाला मुलगे आणि मुली दोघांनाही दोन सुया द्याव्यात, आणि पहिला पाठ ठोकळ्याचा, दुसरा चेंडूचा असावा. भूमितीच्या गुरुजींनी त्या तासाला येऊन बसावे, विणकामाच्या बाईंनी भूमितीच्या तासाला. आणि ज्या भगिनींच्या हाताला आधीच सराव आहे, त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ एकत्र जमून हे घुमट विणावयास आरंभ करावा. त्याला निधी लागत नाही, इमारत लागत नाही. एखाद्या ओसरीवर चार सतरंज्या पुरतात. तयार झालेले घुमट जवळच्या रुग्णालयातील डॉक्टरांना किंवा परिचारिकेला दाखवून, त्यांच्या सल्ल्याने द्यावेत. कोणाला दिले ते नाव वहीत लिहू नये. त्या बाईने आपणहून सांगितले तर ऐकावे, न सांगितले तर विचारू नये.

उकाडा आहे हे खरे. पण सुती धाग्याला ऋतूची अडचण नसते. वीस टाके घाला, अठरा विणा आणि वळा. पुढचे आकडे आपल्याजवळ आहेतच.